नानांची पांढरी चार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं वर्षानुवर्षं एकाच खोलीत, एकाच वारी, त्याच त्या गोष्टीवरून भांडत बसली की ते आपोआप साचतात. आमचं तसंच झालं. आम्ही जमायचो गाणं ऐकायला. पण आज आठवायला बसलो तर गाणं कमी आणि गाण्यावरून झालेली तोंडातोंडीच जास्त आठवते!

वाद एकच. जुन्या माणसांनी जुन्या यंत्रासमोर गायलेलं गाणं नव्या, भारी तबकडीवर चढवलं तर त्याचं भलं होतं की वाटोळं? लाखेच्या तबकडीनंतर एलपी आली तेव्हा हा वाद झाला, स्टीरिओ आला तेव्हा झाला, कॅसेट आली तेव्हा झाला, आणि शेवटी ती चकचकीत सीडी आली तेव्हा तर विचारूच नका. निकाल मला अजून ठाऊक नाही. मी आपला जे घडलं ते सांगतो.

मंडळी म्हणजे आम्ही चौघंच. जागा प्रतापनगरातलं नाना बोकाऱ्यांचं घर. तेव्हाचं प्रतापनगर म्हणजे मोकळे प्लॉट, मुरमाचे रस्ते आणि मध्येच एखादं घर. वेळ रविवारची सकाळ. नाना सरकारी कचेरीत हेडक्लार्क, पण पोटापुरतेच. मनाने ते गवई. दुसरे धकाते. मूळचे उमरेडचे, घरी पिढीजात हातमाग, आणि स्वतःचं सीताबर्डीवर लुगड्यांचं दुकान. त्यांच्याकडे जुन्या तबकड्या इतक्या, की बायकोला कळू नये म्हणून निम्म्या दुकानात लुगड्यांच्या गठ्ठ्यांमागे लपवलेल्या असत. तिसरे डॉक्टर मुठाळ, होमिओपॅथ. औषध जुनं चालेल, पण यंत्र नवंच पाहिजे असा त्यांचा बाणा. चौथा मी, बँकेतला. माझ्याकडे तबकड्या नाहीत, यंत्र नाही, गळा तर नाहीच नाही, म्हणून मला अंपायर नेमलं होतं.

डॉक्टर नव्याच्या बाजूचे, धकाते जुन्याच्या. दोघंही हौसेने भांडत, कारण दोघांचंही त्यात काही अडलेलं नव्हतं. नानांचं मात्र अडलेलं होतं. त्यांना गुरू असा मिळालाच नाही. लहानपणी मामाच्या घरी एक तबकडी होती, एका थोर बुवांची. बुवा तेव्हाच हयात नव्हते. ती एक तबकडी ऐकून ऐकून नाना गायला शिकले. बुवांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण नाना ते कधी घेत नसत. नुसतं 'बुवा' म्हणत आणि कानाच्या पाळीला हात लावत. त्यांचं सगळं गाणं त्या एका तबकडीत होतं. ती नव्या यंत्रावर कशी वाजते, हा आमच्यासाठी रविवारचा टाइमपास होता आणि नानांसाठी देव्हाऱ्यातला प्रश्न!

* * *

मे महिन्यात नागपुरात गाणं ऐकायचं म्हणजे दोहोंतलं एक निवडावं लागतं, गारवा नाहीतर गाणं. खिडकीतला कूलर सुरू केला की गिरणी चालू झाल्यासारखं वाटायचं. बंद केला की पाच मिनिटांत सदरे अंगाला चिकटायचे.

अशाच एका मे महिन्यात डॉक्टर पहिली एलपी घेऊन आले. जुन्याच गवयांच्या जुन्याच तबकड्या, पण नव्याने उतरवलेल्या. आधी धकात्यांनी आपली लाखेची तबकडी लावली. खरखर, सूंसूं, आणि त्याच्या पलीकडे कुठंतरी गवई. मग डॉक्टरांनी एलपी लावली. काय सांगू! एकदम स्वच्छ.

"नॉइज आहे का? दाखवा मला नॉइज!" डॉक्टर खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. "अंपायर, द्या निकाल!"

मी निकाल देणार तेवढ्यात धकाते कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "थांबा गा अंपायर. माही तबकडी लागली तवा कूलर चालू होता. डॉक्टरसाबनं मशीन लावाच्या आंधी तो बंद कोणं केला?"

डॉक्टरांनीच केला होता! मग न्यायाने पुन्हा सामना. कूलर चालू, एलपी चालू. डॉक्टरांचा गवई कूलरमध्ये बुडाला तो वर आलाच नाही. डॉक्टर म्हणाले आवाज वाढवा, धकाते म्हणाले हे नियमात बसत नाही, मी म्हटलं नियम आहेत कुठं?

स्वयंपाकघरातून मालतीकाकूंचा, म्हणजे नानांच्या पत्नीचा आवाज आला, "असं करा, दोन्ही गवई बंद करा आणि कूलर तेवढा राहू द्या!"

त्या दिवसापुरता तोच निकाल ठरला.

* * *

आता आमच्या मंडळीतली एक रीत सांगतो, कारण ती इतर कुठं मी पाहिली नाही.

चावीच्या ग्रामोफोनला एक छोटी दांडी असते. ती सरकवली की तबकडी जलद किंवा सावकाश फिरते, आणि जलद फिरली की आवाज वर चढतो. लोक ती दांडी एकदा कुठंतरी ठेवून देतात आणि विसरतात. आमच्याकडे तसं चालत नसे. बुवांची तबकडी लागायच्या आधी नाना पेटी पुढ्यात ओढत, पांढरी चार दाबून धरत आणि बुवांचा सा त्या पट्टीला येऊन मिळेपर्यंत दांडी केसभर इकडे, केसभर तिकडे करत. मिळाला की मान हलवत. मगच आम्ही ऐकायचं.

पांढरी चार म्हणजे पेटीतली चौथी पांढरी पट्टी. पुरुषाच्या गळ्याला ती चांगलीच उंच. भले भले गवई तिच्या दोन-तीन पट्ट्या खाली सुखाने गातात. पण बुवा पांढरी चारमध्ये गात, म्हणून नानाही पांढरी चारमध्ये गात. तरुणपणी त्यांचा आवाज तिथं असा लखलखीत लागे की पेटीवाला वळून बघे. बुवांचा सूर तो बुवांचा सूर, त्याच्याशी तडजोड नाही!

धकात्यांनी विजेवर चालणारं यंत्र घेतलं तेव्हा पहिला मान अर्थातच बुवांचा. नानांनी पेटी दाबली आणि त्यांचा चेहरा उतरला. आवाज पट्टीभर खाली.

"बुवांना बरं नाही का आज?" नाना म्हणाले.

त्या यंत्राला दांडी नव्हती. धकाते रडकुंडीला आले. शेवटी डॉक्टरांनी युक्ती सांगितली, मोटरच्या कण्यावर चिकटपट्टीचे वेढे द्यायचे. कणा जाड झाला की तबकडी जलद फिरते. धकात्यांनी वेढे दिले, बुवा पांढरी चारला आले, नानांनी मान हलवली. पण आता यंत्रच जलद झालं होतं. महिनाभराने धकाते कळवळून म्हणाले, "नाना, एका बुवापायी माह्या घरचे सारे गवई धावून राहिले ना बापा!"

पण चिकटपट्टी त्यांनी काढली नाही. डॉक्टरांनी तर पुढची सगळी यंत्रं वेगाचा स्क्रू आहे की नाही हे पाहूनच घेतली. नानांच्या शब्दाला मंडळीत एवढी किंमत होती.

* * *

धकात्यांच्या जिवाची तबकडी म्हणजे एका बाईंची ठुमरी. तिच्यावर एका जागी ओरखडा होता. सुई तिथं आली की टुणकन उडायची आणि बाई एका सुरावरून थेट दुसऱ्याच सुरावर जाऊन बसायच्या. धकात्यांना ठाऊक होतं की हा ओरखडा आहे. पण माणूस सवयीचा गुलाम! सुई उडाली की त्यांच्या तोंडून बरोबर त्याच क्षणी निघायचं, "क्या बात है!"

हळूहळू आम्हा सगळ्यांना ती सवय लागली. नानासुद्धा तिथं मान डोलावत.

डॉक्टरांनी तीच ठुमरी एलपीवर आणली. ती जागा आली. आम्ही तिघांनी एकसुरात म्हटलं, "क्या बात है!" आणि बाई आपल्या सावकाश, एकेका सुरावरून पायरी पायरीने चालल्या होत्या. आमची दाद हवेत लोंबकळत राहिली. डॉक्टर हसून हसून लाल झाले.

"हे बाईचं नाई!" धकाते उखडले. "हे मागून भरलं कोणीतरी!"

"अहो, हे पहिल्यापासून होतंच," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या तबकडीत नव्हतं."

धकात्यांनी ती जागा पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा ऐकली. मग म्हणाले, "असंन. पण डॉक्टरसाब, तुमच्यावाली बाई चालते. माहीवाली उडते!"



* * *

मग स्टीरिओ आला. डॉक्टरांनी दोन भोंगे आणले, खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवले आणि कुणीतरी जुन्याच गाण्याची ओढूनताणून 'स्टीरिओ' केलेली एक तबकडी लावली. आवाज कसा वाटून टाकला होता देव जाणे, पण डावीकडे ढब्ब ढब्ब तबला आणि उजवीकडे नुसता गवई.

धकाते नेहमीप्रमाणे डावीकडे भिंतीला टेकून बसलेले. दहा मिनिटं त्यांनी ऐकलं. मग उठले, खोली ओलांडून डॉक्टरांच्या शेजारी जाऊन बसले.

"काय झालं धकाते?"

"काई नाई. गवई इकडे येऊन बसले म्हून मीबी आलो. तिकडे निरा एकला तबलची होता, त्याले म्हटलं वाजव गा, मी येतो जाऊन!"

* * *

हा पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो गाळून पुढचं सांगता येणार नाही.

दरवर्षी गुढीपाडव्याच्या सकाळी धकात्यांच्या घरी बैठक असे. नाना बुवांची बंदिश गात. अख्खा मोहल्ला येई. लुगडी विणणारे उमरेडचे पाहुणे येत, डॉक्टरांचे पेशंट येत. नाना गायला बसले की बँकेतली माझी सगळी कटकट मी विसरत असे. त्या तबकडीतलं सगळं जसंच्या तसं त्यांच्या गळ्यातून यायचं.

एका पाडव्याला तार षड्जावर जाताना नानांचा आवाज फाटला. साठीला आले होते, व्हायचंच. त्यांनी पुन्हा उचल घेतली. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा ते गेलेच नाहीत. तंबोरा खाली ठेवला, त्याला नमस्कार केला आणि म्हणाले, "माफ करा मंडळी."

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी समजावून पाहिलं. "नाना, वयाप्रमाणे सगळेच पट्टी उतरवतात. तुम्ही दोन पट्ट्या खाली घ्या, आवाज कसा मोकळा लागतो बघा."

"बुवा घेत होते का खाली?"

"अहो, बुवा बुवा होते!"

"तेच म्हणतो मी," नाना म्हणाले. "ते जिथं आहेत तिथवर जाता येत नसेल तर त्यांचं गाणं गाऊ नये. एखाद्याच्या घरी जायचं आणि फाटकातूनच परत फिरायचं, त्यात काय अर्थ आहे?"

धकात्यांना राहवलं नाही. "मंग तुमचं सोताचं काई गा ना नाना! बुवाचं राहू द्या."

नाना त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "माझं काय आहे त्यात, धकाते?"

तंबोऱ्यावर खोळ चढली आणि तो आतल्या खोलीत कोपऱ्यात गेला. नाना रविवारी ऐकायला बसत, पेटी दाबत, दांडी सरकवत, मान हलवत. पण गळ्यातून एक सूर काढत नसत. मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मंडळीतली निम्मी मजा तिथंच संपली. पूर्वी गाणं सुरू झालं की काकू स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवत, ते आता लोटलेलं असायचं.

* * *

नानांचं मन रमावं म्हणून एकदा आम्ही सगळे, काकूंसकट, रामटेकला गेलो. डॉक्टरांनी कॅसेटवाला टेपरेकॉर्डर घेतला होता, सेलवर चालणारा. त्यात बुवांची तबकडी उतरवून आणली होती. आधी नानांकडून पांढरी चारला पसंत करून घेऊन, अर्थातच!

जेवणं झाली. झाडाखाली सतरंजीवर आम्ही लवंडलो आणि डॉक्टरांनी बुवा लावले. सकाळपासून यंत्र चालू होतं, सेल संपत आले होते. बुवा पांढरी चारवरून हळूच घसरले. मग आणखी घसरले. लय मंदावली, आवाज जाड झाला.

"डॉक्टरसाब, मशीन बसली का बुवा बसले?" धकाते डोळे मिटूनच म्हणाले.

डॉक्टर ओशाळून उठले आणि पिशवीत नवे सेल शोधायला लागले. मी नानांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे रागावून उठून जाणार. नाना झाडाच्या बुंध्याला टेकून आभाळाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज अगदी बारीक, पण ते बुवांच्या बरोबर गुणगुणत होते. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांना सेल सापडले. त्यांनी टेपरेकॉर्डरच्या पाठचं झाकण उघडायला हात घातला, तेवढ्यात काकूंनी त्यांचं मनगटच धरलं.

"राहू द्या डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या. "हेच सेल राहू द्या."

एवढ्यात बुवा 'घुर्रर्र' करून थांबले. नाना भानावर आले, आमच्याकडे पाहिलं आणि चपला शोधायला लागले.

* * *

आणि आता सीडी.

डॉक्टरांचे जावई मस्कतला होते. ते सुटीवर आले ते सीडीचं यंत्र घेऊन, आणि सासऱ्यांची आवड ठाऊक असल्यामुळे एक सीडीही. परदेशातल्या कुणा शौकिनाने आपल्याकडच्या जुन्या तबकड्या जमवून, निगुतीने साफ करून काढलेली. त्यात बुवा होते! आमच्या बुवांची तीच तबकडी.

रविवारी डॉक्टर यंत्र घेऊन आले ते लग्नातल्या वरबापाच्या थाटात. धकात्यांनी ती सीडी हातात घेतली, उलटी केली, तिच्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि भांग नीट केला. "एक फायदा तं झाला!" म्हणाले. पण मनातून तेही बिचकले होते, कारण येताना त्यांनी चावीचा ग्रामोफोन रिक्षात घालून आणला होता. समोरासमोर सामना. अंपायर मी.

आधी ग्रामोफोन. नानांनी पेटी ओढली, पांढरी चार दाबली, दांडी सरकवली, मान हलवली. बुवा गायले. तेच लखलखीत, चढं, ओळखीचं गाणं.

त्या काळचे काही गवई गाणं संपलं की तबकडीवरच आपलं नाव आणि गाव सांगून टाकत. बुवांनीही सांगितलं होतं. ते बारीक आवाजात, लगबगीने नाव-गाव म्हणत, गाडी सुटायची वेळ झाल्यासारखं. आम्ही ते इतक्यांदा ऐकलं होतं की तिकडे कुणाचं लक्षही जात नसे.

मग डॉक्टरांनी सीडी आत सरकवली.

नाना पेटी घेऊन पुढे सरकले. "याचा स्क्रू कुठे आहे?"

"याला स्क्रू नसतो, नाना."

"मग मिळवायचं कसं?"

"मिळवायचं नसतं. आहे तसं ऐकायचं."

बुवा सुरू झाले. खरखर नाही, सूंसूं नाही, समोर बसून गात असल्यासारखे. पण आवाज खाली! नानांचं बोट पांढरी चारवरून उठलं, पांढरी तीनवर आलं. तिथंही नाही. मग काळी दोन. तिथं सूर मिळाला. तब्बल दोन पट्ट्या खाली.

धकात्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. "पाहा गा डॉक्टरसाब! तुमच्या मस्कतवालीनं बुवाचा गळाच बसवून टाकला! साफ करता करता आवाजबी धुऊन काढला!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. ते बटणं चाचपायला लागले. नाना काळी दोनवर बोट तसंच ठेवून ऐकत राहिले. गाणं संपलं.

आणि बुवांनी आपलं नाव सांगितलं.

एक पोक्त माणूस, भरल्या आवाजात, सावकाश, शेजारी बसलेल्या कुणाला सांगावं तसं नाव आणि गाव सांगत होता. कुठं घाई नाही, कुठं गाडी सुटत नाही. आपण सगळे बोलतो तसं. 

"शेवट पुन्हा लावा," नाना म्हणाले.

डॉक्टरांनी लावला. पुन्हा तोच आवाज, पुन्हा तेच नाव.

धकाते उठले. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ग्रामोफोनला चावी दिली, दांडी सावकाशीच्या बाजूला सरकवली आणि सुई तबकडीच्या शेवटावर टेकवली. खरखरीतून तोच पोक्त माणूस बोलला.

म्हणजे इतकी वर्षं आमच्याकडे बुवाच धावत होते. जिंकूनही डॉक्टरांच्या तोंडावर आनंद नव्हता. शेवटी तेच चाचरत म्हणाले, "नाना, एक विचारू? बुवांची पट्टी पांढरी चार, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"मामाच्या ग्रामोफोनने."

"आणि त्याची दांडी?"

"ती गंजून एका जागी बसली होती. हलतच नव्हती." नानांनी पेटीचा भाता मिटला. "मी लहान होतो. मामाकडे पेटी होती. ग्रामोफोन जिथं वाजला तिथं पेटीवर बोट ठेवलं, पांढरी चार निघाली. तेव्हापासून सगळे ग्रामोफोन मी त्या बोटावर मिळवत आलो."

धकात्यांचे डोळे भरून आले होते. या माणसाला दुसऱ्याचं दुःख बघवत नाही, आणि अशा वेळी काय बोलावं तेही कळत नाही. "जाऊ द्या ना नाना," ते म्हणाले, "तुमच्या मामाचा फोनोच उतावळा होता, त्याले तुमी काय करान?"

नाना हसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणून सांगतो, मनापासून हसले.

काकू स्वयंपाकघरातून केव्हा बाहेर आल्या ते कळलं नाही. त्यांच्या हातात तंबोरा होता आणि खोळ काढलेली होती. त्यांनी तो नानांपुढे ठेवला आणि दाराशी जमिनीवरच बसल्या.

नानांनी काळी दोन दाबली आणि खुंट्या पिळायला घेतल्या. तारा इतकी वर्षं वापरात नव्हत्या, सूर लागायला वेळ लागला. धकात्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"भाऊजी, आता बोलायचं नाही," काकू म्हणाल्या.

नाना गायला लागले. बुवांचीच बंदिश. पहिल्या आवर्तनात आवाज कापत होता, दुसऱ्यात स्थिरावला. तार षड्जाची जागा जवळ आली तसा डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. नाना वर गेले आणि सूर लागला. सहज लागला, जसा आपल्याच घराच्या अंगणात माणूस पाय ठेवतो. ते तिथं थांबले, आरामात थांबले, आणि मग उतरले. 'क्या बात है' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता.

गाणं संपलं. तंबोऱ्याचा झंकार विरत आला. नानांनी डोळे उघडले, समोर कुणाकडेही न बघता, सावकाश, भरल्या आवाजात म्हणाले,

"नारायण विठ्ठल बोकारे. प्रतापनगर, नागपूर."